शाळेच्या पंगतीचे वळण

प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात दुपारच्या भोजनासाठी वेळ राखून ठेवलेली असते, परंतु त्या चौकटीत कोणत्याही विषयाचे नाव नसते. भाषेला टाचण असते, गणिताला टाचण असते. भोजनाची वेळ मात्र सुट्टी समजण्याचा प्रघात पडलेला आहे. वास्तविक मूल आपल्या सोबत्याशी, वडीलधाऱ्या माणसाशी आणि समोर आलेल्या अन्नाशी कसे वागते, हे त्या अर्ध्या-पाऊण तासात जितके उघड होते तितके दिवसाच्या इतर कोणत्याही तासात होत नाही. समानतेचा धडा वाचताना सारा वर्ग माना डोलावितो. तोच वर्ग ताटल्या वाजवीत ओसरीकडे धावला म्हणजे कोण कोणास ढकलतो, कोण मागे राहतो आणि कोणाच्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहते, हे शिक्षकास उभ्या जागेवरून दिसते.

शहरातील मोठ्या शाळांत भोजनगृह असते, मेजे व बाके असतात. वऱ्हाडातील खेड्यात शाळेचा व्हरांडा, निंबाची सावली आणि पावसाळ्यात वर्गाचीच खोली हे भोजनगृह होय. भोजनाच्या शिष्टाचारावर लिहिलेल्या पुस्तकांतून मेजावर कोपर टेकू नये, हातरुमाल मांडीवर घ्यावा अशा सूचना आढळतात. त्यांतील स्वच्छतेचा भाग येथेही लागू आहे. बाकीचा मुलांस परका वाटतो, आणि परका वाटणारा शिष्टाचार तपासणीच्या दिवशी तेवढा टिकतो. वऱ्हाडातील मुलाला पंगत ठाऊक असते. गावच्या भंडाऱ्यात, लग्नात, सप्ताहाच्या काल्यात ते तिच्यात बसलेले असते. म्हणून शिक्षकाने नवी रीत बाहेरून आणण्यापेक्षा पंगतीतच जे चांगले आहे ते उचलावे, आणि पंगतीत जे वाईट शिरले होते ते शाळेच्या उंबरठ्याबाहेर ठेवावे. हे दुसरे काम अधिक कठीण आहे.

मुलाचा हक्क, शिक्षकाची भाषा

शाळेत शिजणाऱ्या अन्नामागील इतिहास शिक्षकांच्या परिचयाचा आहे. तथापि तो थोडक्यात आठवणे इष्ट आहे. मद्रास राज्यात कामराज यांच्या कारकिर्दीत १९५६ च्या सुमारास शालेय भोजनाला व्यापक रूप आले. देशव्यापी योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. आरंभी महाराष्ट्रात मुलांना दरमहा ३ किलो तांदूळ घरी नेण्यासाठी दिला जाई. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजविलेलेच अन्न द्यावे असा आदेश दिला, आणि पुढे गावोगाव शाळांत चुली पेटल्या. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने हे अन्न मुलांचा हक्क ठरविले. प्राथमिक वर्गांसाठी ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, उच्च प्राथमिक वर्गांसाठी ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने हे प्रमाण ठरले. २०२१ पासून योजनेच्या नावात पंतप्रधान पोषण शक्ती निर्माण हे शब्द आले. गावात मात्र ती अजून ‘खिचडी’ याच नावाने ओळखली जाते.

या इतिहासात वर्तनशिक्षणाच्या दृष्टीने एक गोष्ट महत्त्वाची आहे. तांदूळ घरी जात होता तोवर पंगत नव्हती. अन्न शाळेत शिजू लागले तेव्हा प्रथमच गावातील सर्व वस्त्यांतील मुले रोज एका ओळीत बसून एका भांड्यातील अन्न खाऊ लागली. गावाच्या आयुष्यात असा प्रसंग रोजच्या रोज दुसरीकडे कोठे येतो? देवळातील भंडारा वर्षातून एकदा, लग्नाची पंगत आप्तेष्टांची. शाळेची पंगत वर्षातून दोनशेच्या वर दिवस बसते. २०२० च्या साथीत शाळा बंद झाल्या आणि पुन्हा कोरडे धान्य घरी जाऊ लागले, तेव्हा मुलांच्या पोटात काही ना काही गेले असेल. पंगत मात्र त्या काळापुरती मोडली होती.

अन्न हा मुलाचा हक्क आहे, यावरून शिक्षकाच्या भाषेचा प्रश्न निघतो. ‘फुकटचे खाता आणि वर गोंधळ करता’ असे एक वाक्य रागाच्या भरात निघून जाते, आणि महिनाभराच्या शिकवणीवर पाणी पडते. ज्याला फुकट्या म्हटले जाते ते मूल दुसऱ्यास मान देण्यास शिकत नाही. ते आपल्याहून दुबळ्या मुलास फुकट्या म्हणण्यास शिकते. तसेच भोजन रोखून धरण्याची शिक्षा कोणत्याही कारणाने करू नये. गृहपाठ न करणाऱ्यास पंगतीबाहेर उभे करणे, बोलणाऱ्यास शेवटी वाढणे हे प्रकार २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मधील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांच्या मनाईत येतात. कायदा बाजूला ठेवला तरी, सकाळी चहावर आलेल्या मुलाला डोळ्यांसमोर वाफाळणारी खिचडी दाखवून उभे ठेवणे हे शिक्षकाच्या हातून होऊ नये असे कोणीही म्हणेल.

वऱ्हाडच्या पंगतीत काय आहे

वऱ्हाडातील पंगतीच्या रीती मुलांकडूनच काढून घ्याव्यात. इयत्ता तिसरी-चौथीच्या वर्गास विचारावे : भंडाऱ्यात आधी कोण जेवायला लागतो? मुले सांगतील की सर्वांच्या पत्रावळीवर वाढून झाल्याशिवाय कोणी घास उचलीत नाही. वाढणारा काय करतो? ‘वरण, वरण’ किंवा ‘भात घ्या भात’ असे म्हणत पुढे सरकतो, म्हणजे जेवणाऱ्यास मागावे लागत नाही. पुरे झाले हे कसे कळते? जेवणारा पत्रावळीवर आडवा हात धरतो. बसलेल्यांच्या पत्रावळीवरून कोणी ओलांडून जातो काय? नाही. सोबत्याचे जेवण उरकण्याआधी कोणी उठतो काय? तेही नाही. पाच-सात प्रश्नांत फळा भरतो, आणि शिष्टाचाराचा पहिला पाठ मुलांच्या तोंडूनच तयार होतो. शिक्षकाने त्यात आपली भर घालण्याची घाई करू नये.

बोलीसंबंधीही असेच म्हणता येईल. काही शाळांत भोजनाच्या वेळी ‘कृपया’ व ‘धन्यवाद’ हे शब्द पाठ करून घेतात. त्यात वावगे काही नाही. परंतु ‘मले थोडंसं वाढ न वं मावशी’ या वाक्यात विनय कमी आहे असे समजण्याचे कारण नाही. विनय सुरात आणि नात्याच्या शब्दात असतो. ‘ए खिचडीवाली’ हे वाक्य शुद्ध करून ‘अहो खिचडीवाल्या’ असे केले तरी ते उर्मटच राहते. ‘मावशी’ किंवा ‘काकू’ म्हटले की उरलेले व्याकरण वऱ्हाडी असले तरी चालेल.

आता पंगतीतील वाईटाविषयी. गावच्या पंगतीचा इतिहास सरळ सांगावयाचा तर असा की, तिच्यात सर्वांना जागा नव्हती. काहींना वेगळी ओळ, काहींना सर्वांत शेवटची, आणि काहींना आवाराबाहेर बसून उरलेले अन्न मिळे. अमरावती जिल्ह्याने या रीतीशी झगडणारी माणसे दिली आहेत. शेणगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी परीट कुटुंबात जन्मलेले गाडगे महाराज यांचे बालपण मूर्तिजापुराजवळील दापुरे येथे मामाकडे गुरे राखण्यात गेले. हाती खराटा आणि जवळ मातीचे गाडगे, एवढ्या सामानावर त्यांनी दिवसा गाव झाडले आणि रात्री कीर्तनातून शिवाशिवीवर कोरडे ओढले. पूर्णेच्या काठी ऋणमोचन येथे त्यांनी घाट बांधविला व तेथील यात्रेत अंधपंगूंना अन्नदान चालविले. प्रसंगी घरचे ताट विकून हातावर भाकर घ्यावी लागली तरी मुलांना शाळेत घालावे, असा त्यांचा लोकांना आग्रह असे. ते २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ निवर्तले. ज्या जिल्ह्यात ताट आणि शाळा यांचा असा संबंध जोडून दाखविला गेला, तेथील शाळेत आज मुलाला ताट आणि पाटी दोन्ही एकाच छपराखाली मिळतात. गाडगेबाबांची पुण्यतिथी शाळांतून झाडलोट करून साजरी होते, ते योग्यच आहे. त्या दिवशी पंगतीकडेही थोडे पाहावे.

पापळ येथे जन्मलेले डॉ. पंजाबराव देशमुख यांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय चालविले ते सर्व जातींच्या मुलांसाठी. अंबादेवीच्या मंदिरात सर्वांना प्रवेश मिळावा यासाठी अमरावतीत चळवळ झाली, आणि नोव्हेंबर १९२७ मध्ये त्याच प्रश्नावर भरलेल्या परिषदेचे अध्यक्षपद डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी भूषविले. मंदिराचे दार आणि छात्रालयातील पंगत हे त्या काळी एकाच प्रश्नाचे दोन भाग होते.

बसण्याची व्यवस्था

मुलांना मोकळे सोडले तर ती मोहल्ल्या-मोहल्ल्याने बसतात. ती जातीने बसतात असे शिक्षकास वाटणार नाही, कारण ती मित्रांजवळ बसलेली असतात. परंतु मित्र शेजारच्या घरातले असतात, आणि खेड्यातील घरे कशी वसलेली आहेत हे सर्वांस माहीत आहे. म्हणून बसण्याचा क्रम मुलांवर सोपवू नये, तो शिक्षकाने ठरवावा. हजेरीपटाचा क्रम सोपा वाटतो. त्यात मुलगे व मुली वेगळे पडतात; ते टाळावे. जन्माच्या महिन्याने बसविणे सर्वांत उत्तम : जानेवारीची मुले एका टोकास, डिसेंबरची दुसऱ्या टोकास. या क्रमाला कोणी हरकत घेऊ शकत नाही, मुलांना त्याची मौज वाटते, आणि दर महिन्याला टोक बदलले म्हणजे पहिले वाढून घेण्याचा मानही फिरता राहतो. पहिली-दुसरीची लहान मुले मात्र चुलीपासून दूर आणि मोठ्या मुलाच्या शेजारी असावीत. कढत वरणाची बादली घेऊन जाणाऱ्याच्या पायांत लहान मूल आले तर शिष्टाचाराचा विचार तेथेच थांबतो.

मेळघाटातील शाळांतून कोरकू मुले पहिल्या वर्गात येतात तेव्हा त्यांना मराठी पुरती येत नाही. पुरे, हवे, नको हे शब्द त्यांनी मराठीत म्हणावेत असा आग्रह पहिल्या महिन्यात धरू नये. आडवा हात धरण्याची खूण त्यांना पुरते. शिक्षकाने व मराठी बोलणाऱ्या मुलांनी तेच तीन-चार शब्द कोरकूत शिकून घेतले, तर आदराचा पाठ दोन्ही बाजूंनी शिकला जातो. ते शब्द शिक्षकास पुस्तकात शोधावे लागणार नाहीत. समोरची पाच-सहा वर्षांची मुले ते आनंदाने शिकवितील, आणि शिक्षकाचा उच्चार चुकला की हसतील. हसू द्यावे.

भोजनापूर्वी श्लोक म्हणण्याची चाल पुष्कळ शाळांत आहे. वर्गात नाना श्रद्धांची मुले असतात, हे ध्यानात घेऊन कोणावर म्हणण्याची सक्ती करू नये. क्षणभर सर्वांनी स्तब्ध बसणे हा सर्वांना चालणारा मार्ग होय, आणि तो या भागास अपरिचित नाही. मोझरीच्या गुरुकुंजात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी सोहळ्यात मोठा जनसमुदाय एकाच वेळी मौन धरून उभा राहतो, हे अनेक मुलांनी आईवडिलांबरोबर पाहिलेले असते. ताटल्या वाजविणारा साठ मुलांचा घोळका ओरडण्याने शांत होत नाही. शिक्षक स्वतः ताटली समोर ठेवून गप्प बसला की हळूहळू होतो.

पाणी

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील अनेक गावे येतात. तेथील विहिरीचे पाणी खारट, पिण्यास निरुपयोगी; गोडे पाणी नळाने येते, तेही रोज येईलच असे नाही. अशा गावात ‘वाहत्या पाण्याखाली हात धुवा’ ही सूचना भिंतीवर चांगली दिसते. व्यवहारात दोन मुलांनी मिळून एक तांब्या घ्यावा (वऱ्हाडात त्यास गडवा म्हणतात), एकाने दुसऱ्याच्या हातावर पाण्याची बारीक धार धरावी, साबण लावून होईपर्यंत थांबावे, मग पुन्हा धार धरावी, आणि जोडी बदलावी. हात धुण्याचे पाणी आळे करून निंबाच्या किंवा शेवग्याच्या झाडास सोडावे. पाणी वाचते, आणि त्याहूनही मोठी गोष्ट घडते : एका मुलाने दुसऱ्या मुलाच्या हातावर पाणी घातलेले असते.

हे मोठे कसे, याचे उत्तर वरच्या वर्गातील मुलांना डॉ. आंबेडकरांच्या शाळेची हकिकत सांगून द्यावे. साताऱ्याच्या शाळेत त्यांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे, आणि तहान लागली तर नळास हात लावण्याची मुभा नसे. शिपायाने नळ उघडला तर पाणी. शिपाई नसेल त्या दिवशी तहान. ही हकिकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. ती सांगताना शिक्षकाने गहिवर आणू नये, साध्या शब्दांत सांगावी, आणि सांगून झाल्यावर शाळेच्या रांजणाकडे मुलांचे लक्ष वेधावे. रांजणावर लांब दांड्याचे एकच ओगराळे असावे. ते प्रत्येकाने हाती घ्यावे आणि प्रत्येकाने जागेवर ठेवावे. एखादे मूल दुसऱ्याकडून ओंजळीत पाणी घालून घेत असेल व ओगराळ्यास हात लावीत नसेल, तर ते लाजाळू आहे असे मानून पुढे जाऊ नये. त्याला कोणी काय सांगितले आहे ते एकांतात विचारावे.

वाढणे आणि उरणे

वाढण्याचे काम मुलांनी करणे हा या शिक्षणाचा गाभा आहे. कढत भांडी उचलणे व चुलीजवळचे काम स्वयंपाकी-मदतनीस यांचे, त्यात मुलांनी पडू नये. परंतु भात, मटकी किंवा चवळीची उसळ, मोसमाप्रमाणे एखादे फळ ही वाढणी पाचवी ते सातवीच्या मुलांकडे पाळीने द्यावी. चौथीपर्यंतची शाळा असेल तर तिसरी-चौथीच्या मुलांनी निवलेले पदार्थ वाढावेत. पाळीत मुलगे व मुली समसमान असाव्यात. येथे शिक्षकांची नजर चुकण्याचा फार संभव आहे, कारण मुली न सांगता झाडू उचलतात आणि मुलगे न सांगता मैदानावर जातात. सहा महिने असे चालले की शाळेने कोणतेही पुस्तक न उघडता एक धडा पक्का केलेला असतो.

जपानमधील प्राथमिक शाळांत हीच पद्धत आहे. तेथे १८८९ साली त्सुरुओका गावी एका मंदिराच्या आवारातील शाळेत गरीब मुलांना भाताचे मुटके व मासा देण्यास आरंभ झाला, आणि १९५४ मध्ये शालेय भोजनाचा स्वतंत्र कायदा झाला. पाळीतील मुले पांढरे अंगरखे व टोप्या घालून अन्न वर्गात आणतात, वाढतात. शिक्षक त्यांच्यासोबत तेच अन्न खातो. अंगरखे व टोप्या ही खर्चाची बाब झाली. स्वच्छ धुतलेला रुमाल डोक्यास बांधणे वऱ्हाडातील मुलास कोणी शिकवावयास नको.

अन्न टाकण्याबद्दल मुलांस रागावण्याआधी वाढणीकडे पाहावे. पहिल्यांदाच ताटली भरून वाढली की उरणारच. थोडे वाढावे, दोनदा वाढावे. प्राथमिक वर्गात प्रत्येकी १०० ग्रॅम तांदळाचे प्रमाण आहे; त्यावर गणिताच्या तासाला उदाहरण घालावे. शाळेत ६० मुले, म्हणजे रोजचा तांदूळ ६ किलो. प्रत्येकाने आपल्या वाट्याचा पाचवा हिस्सा टाकला तर दिवसाला १ किलो २०० ग्रॅम तांदूळ वाया गेला. सोमवार ते शुक्रवार असे घडले तर ६ किलो, म्हणजे शनिवारच्या साऱ्या शाळेचे जेवण. हे उत्तर मुलांनी स्वतः काढल्यावर त्यांना अधिक काही सांगावे लागत नाही. ज्याच्या ताटलीत अन्न उरले त्याचे नाव फळ्यावर लिहिणे हे मात्र करू नये. मूल आजारी असते, दात पडलेला असतो, उसळ तिखट झालेली असते. लाज वाटली की ते पुढल्या वेळी अन्न दप्तरात किंवा खिडकीबाहेर टाकते, आणि शिक्षकास वाटते की सुधारणा झाली.

याउलट तिसऱ्यांदा मागणारे मूल. त्यास सोबती ‘खादाड’ म्हणतात आणि मोठी माणसेही हसतात. ते मूल कोणत्या दिवशी अधिक मागते, हे शिक्षकाने एक महिना टिपून पाहावे. रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी, किंवा आईबाप दूर कामास गेले असता आजीजवळ राहण्याच्या दिवसांत ते अधिक मागत असेल, तर हा खादाडपणाचा प्रश्न नाही. त्याला हसणाऱ्यांना तेथल्या तेथे थांबविणे आणि त्याच्या ताटलीत काही न बोलता वाढणे, या दोन गोष्टी शिक्षकाने कराव्यात. कारणाचा शोध मग घरी जाऊन घ्यावा.

अंड्यांविषयी एक सूचना. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रात आठवड्यातून एकदा अंडे, व अंडे न खाणाऱ्यास केळे देण्याचे ठरले. त्यासाठीचा राज्याचा स्वतंत्र निधी जानेवारी २०२५ मध्ये बंद झाला, आणि लोकवर्गणीतून देणाऱ्यांस मोकळीक राहिली. ज्या शाळांत हे दिले जाते तेथे सोयीसाठी अंडेवाल्यांची एक ओळ व केळेवाल्यांची दुसरी ओळ करण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. एकाच ओळीत शेजारी-शेजारी बसून एकाने अंडे खावे व दुसऱ्याने केळे, आणि दोघांनी एकमेकांच्या ताटलीकडे पाहून नाक मुरडू नये, हे शिकण्याची इतकी चांगली संधी दुसरी नाही.

स्वयंपाकीण

शाळेची स्वयंपाकीण बहुधा गावातलीच, गरीब घरची, पुष्कळदा विधवा बाई असते. मानधन अल्प, काम धुराचे. पंचवीस मुलांपर्यंत ती एकटी असते. मुले तिच्याशी कसे बोलतात हे शिक्षक तिच्याशी कसा बोलतो यावर ठरते. मुख्याध्यापकाने तिला अरे-तुरे केले की चौथीतला मुलगाही करतो. तिला ‘बाई’ किंवा ‘मावशी’ म्हणून हाक मारावी, शाळेच्या फलकावर शिक्षकांच्या नावांखाली तिचेही पूर्ण नाव असावे, पालकसभेत तिला बसण्यास खुर्ची द्यावी.

तिच्या जातीवरून गावात कुजबूज सुरू होते तेव्हा शाळेची खरी परीक्षा असते. २० एप्रिल २००४ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्तींना प्राधान्य द्यावे असे म्हटले आहे. तरीही डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यात एका शाळेतील सवर्ण मुलांनी दलित स्वयंपाकिणीच्या हातचे अन्न नाकारले. तिला काढून दुसरी बाई नेमली, तेव्हा दलित मुलांनी त्या दुसऱ्या बाईच्या हातचे अन्न नाकारले. पुढे पहिल्या बाईस कामावर परत घ्यावे लागले. दोन्ही वेळा ताटापुढून उठली ती मुले होती. नकार घरून आला होता.

असा प्रसंग एकदम येत नाही. आधी दोन-तीन मुले घरून डबा आणू लागतात. ‘खिचडी आवडत नाही’, ‘पोट दुखते’ ही कारणे सांगितली जातात, आणि कधी ती खरीही असतात. शिक्षकाने डबा हिसकावू नये, त्या मुलास सर्वांसमोर प्रश्न विचारू नयेत, आणि आईने दिलेल्या अन्नास नावे ठेवू नयेत. मूल आई आणि शाळा यांच्यामध्ये चिरडले जाता कामा नये. डबा आणणारे मूलही त्याच ओळीत, आपल्या जन्ममहिन्याच्या जागी बसेल, एवढे मात्र ढळू देऊ नये. डबेवाल्यांची वेगळी ओळ एक दिवस जरी बसली तरी ती मोडणे वर्षभर जमत नाही. पालकांकडे शिक्षकाने स्वतः जावे, पत्र पाठवू नये. घटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आहे आणि १९५५ च्या कायद्याने तिचे आचरण दंडनीय ठरविले आहे, हे सांगण्याची वेळ आली तर स्पष्ट सांगावे. पण पहिले वाक्य ते नसावे. ‘मी रोज तिच्या हातचे जेवतो’ हे वाक्य आधी उच्चारता आले तर पुष्कळ काम होते, आणि ते उच्चारता येण्यासाठी रोज जेवणे भाग आहे.

वाढण्यापूर्वी शिक्षकाने अन्नाची चव घेऊन नोंदवहीत सही करावी असा नियम आहे. नियम अन्न सुरक्षित असल्याची खात्री करण्यासाठी आहे. कार्यालयात बंद दाराआड चमचाभर घास घेऊनही तो पाळला जातो. तोच घास चुलीपाशी उभे राहून, मुलांच्या देखत, स्वयंपाकिणीच्या हातून घेतला आणि ‘मीठ बरोबर आहे’ असे तिला सांगितले, तर नियम पाळून झाल्यावरही काही शिल्लक उरते. त्यानंतर शिक्षकाने ओळीत बसावे. खुर्चीवर बसून, घरचा डबा उघडून देखरेख करणारा शिक्षक पंगतीत नसतो, आणि मुलांना ते कळते.

भोजन संपल्यावर ताटल्या धुण्याचे वेगळे सांगणे नको. ज्याची त्याने धुवावी, लहानांची मोठ्यांनी. स्वयंपाकीण सर्वांच्या शेवटी, भांडी आवरून, चुलीच्या कोपऱ्यात जेवते अशी बहुतेक ठिकाणची रीत आहे. ती बदलावी. मुले हात धुऊन आली की तिला व्हरांड्यात बसवावे, आणि त्या दिवशीच्या पाळीतील दोघांनी, एक मुलगा व एक मुलगी, तिला वाढावे. भातासाठी ‘भात घ्या मावशी’ म्हणावे, पाण्याचा गडवा भरून ठेवावा, आणि तिने ताटलीवर आडवा हात धरीपर्यंत पळी भांड्यात परत ठेवू नये.